तापलेल्या डोळ्याने उष्णता पाहायची कशी?

जुन्नर-शिरूरकडच्या उसात बिबट्याचा माग काढायला वनखातं थर्मल ड्रोन उडवतं, हे बातम्यांमुळे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. पडद्यावर करड्या रंगाचं शेत दिसतं आणि त्यात एक पांढुरका ठिपका हळूहळू सरकत असतो. टॉर्च नाही की चांदणं नाही. तो ठिपका म्हणजे बिबट्याच्या अंगातून निघणारा प्रकाशच, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा.

माझा एक मित्र कारखान्यांतली इलेक्ट्रिक पॅनेलं तपासतो. सैल झालेला जॉइंट तापतो, तो आगीआधी पकडायचा, हा त्याचा धंदा. त्याचा पिस्तुलासारखा थर्मल कॅमेरा एका रविवारी माझ्या हाती लागला आणि मी घरभर हिंडलो. भिंतीवर पाच सेकंद तळवा टेकवून हात काढला, तर पडद्यावर पंजाचा ठसा कितीतरी वेळ उजळ राहिला. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत हात घातला, तर पाचही बोटं स्वच्छ दिसली. खिडकीच्या काचेकडे कॅमेरा धरला, तर बाहेरचं झाड दिसायच्या ऐवजी मीच दिसलो, भुतासारखा. आपल्याला आरपार दिसणारी काच या प्रकाशाला अपारदर्शक असते आणि पिशवीचं काळं प्लॅस्टिक जवळजवळ पारदर्शक. म्हणूनच या कॅमेऱ्याचं भिंग काचेचं नसतं, बहुधा जर्मेनियमचं असतं. ते दिसायला आरशासारखं चकचकीत, आणि किंमत ऐकून हात आपोआप सावध होतो.

अधूनमधून तो कॅमेरा 'टक्' असा आवाज करायचा आणि चित्र अर्ध्या क्षणासाठी गोठायचं. मला वाटलं, मोडला की काय! मित्र म्हणाला, "मोडला नाही रे. तो स्वतःचा ताप मोजतोय."

त्या 'टक्'मध्ये या विषयाची, म्हणजे उष्णता पाहणारा कॅमेरा स्वतः गार न करता कसा चालवायचा याची, सगळी गोम आहे, तिच्याकडे परत येऊ.

तापमान असलेली प्रत्येक वस्तू प्रकाश टाकते. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्विन, म्हणून त्याच्या प्रकाशाचा भर अर्ध्या मायक्रोमीटरच्या तरंगलांबीच्या आसपास (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपल्याला दिसेल असा. आपली त्वचा ३०५ केल्विनच्या आसपास, म्हणून आपल्या प्रकाशाचा भर साडेनऊ मायक्रोमीटरजवळ. मात्रा काही थोडीथोडकी नाही, दर चौरस मीटरला सुमारे ५०० वॅट. आजूबाजूच्या भिंतीही आपल्याला जवळपास तेवढंच परत देत असतात, म्हणून आपण गारठून जात नाही. तांबड्याच्या पलीकडे काहीतरी आहे, हे विल्यम हर्शेल यांना १८०० साली इंग्लंडात कळलं. लोलकातून आलेल्या रंगपट्ट्यावर तापमापक ठेवता ठेवता त्यांनी एक तांबड्याच्या बाहेर, काहीच दिसत नव्हतं तिथे ठेवला आणि पारा चढला. शाळेत आपण ज्यांना अवरक्त किरण म्हणून पाठ केलं, ते हेच.

हवा मात्र सगळे अवरक्त किरण जाऊ देत नाही. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मधले बरेच गिळतात. ३ ते ५ आणि ८ ते १४ मायक्रोमीटर अशा दोन मोठ्या खिडक्या तेवढ्या उघड्या राहतात, आणि थर्मल कॅमेऱ्यांचा सगळा संसार या दोन खिडक्यांवर चालतो.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. सोसायटीच्या गेटवरचा 'नाइट व्हिजन' सीसीटीव्ही थर्मल नव्हे. तो स्वतःच अवरक्त दिवे लावतो, ०.८५ मायक्रोमीटरच्या आसपासचे, आणि परत आलेला उजेड टिपतो. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याकडे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलंत, तर बऱ्याच फोनांवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. ती सगळी सिलिकॉनची करामत, आणि १.१ मायक्रोमीटरच्या पुढे सिलिकॉन आंधळं होतं. बिबट्याचा उजेड त्याच्या नऊपट पुढचा.

आता कळीचा मुद्दा. त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ.

फोडणीची कढई डोळ्यांसमोर आणा. मोहरीचे दाणे म्हणजे डिटेक्टरमधले, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपमधले, इलेक्ट्रॉन आणि कढईची कड म्हणजे त्यांना मोकळं व्हायला ओलांडावी लागणारी ऊर्जेची पायरी. बाहेरून आलेला प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, एखाद्या दाण्याला टिचकी मारतो. दाणा कडेवरून उडून ओट्यावर पडतो. ओट्यावरचे दाणे मोजले की किती प्रकाश आला ते समजतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात हेच घडतं. सिलिकॉनची कड उंच, १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची (हे ऊर्जेचं एक इवलंसं माप), आणि दिसणाऱ्या प्रकाशाची टिचकीही तशीच जोरकस.

दहा मायक्रोमीटरच्या फोटॉनची टिचकी मात्र अशक्त, हिरव्या प्रकाशाच्या विसाव्या हिश्श्याइतकी. ती लागू पडायची तर कड फारच बुटकी हवी. आणि बुटक्या कडेच्या कढईत तेल तापलेलं असेल तर काय होतं, हे फोडणी करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. कुणी टिचकी मारो न मारो, दाणे आपले आपणच तडतडून ओटाभर उडतात. त्यातला टिचकीने उडालेला दाणा कुठला आणि आपखुशीने उडालेला कुठला, ओळखायचं कसं? कॅमेऱ्यावर झाकण घातलं तरी डिटेक्टरमधून प्रवाह वाहतच राहतो. या धंद्यातली माणसं त्याला डार्क करंट म्हणतात. काळोखातला प्रवाह म्हणू या.

म्हणून तेलच गार करायचं. गार केल्याने किती फरक पडतो, ते मी एकदा ढोबळ हिशेबाने पाहिलं. पाच मायक्रोमीटरच्या प्रकाशासाठी कड असते पाव इलेक्ट्रॉन-व्होल्टची. खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनला, उष्णतेची सरासरी चुळबुळ त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी. तेच द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंशांना नेलं, की कड ओलांडणाऱ्या दाण्यांची शक्यता एक लाख कोटी पटींहूनही जास्त कमी होते. अर्धवट गार करून २०० केल्विनला थांबलं, तरी शंभर-सव्वाशे पट घट पदरात पडते. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तर पहिल्या दर्जाचे थर्मल कॅमेरे असे गारठवलेले असतात. त्यांचा राजा म्हणजे पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचं मिश्र स्फटिक. १९५९ साली इंग्लंडमधल्या मॅलव्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत लॉसन आणि सहकाऱ्यांनी ते पुढे आणलं. मिश्रणात कॅडमियम किती, त्यावर कडेची उंची ठरते. गुणवत्ता अव्वल, पण लाड फार. स्फटिक वाढवणं अवघड. सिग्नल वाचणाऱ्या सिलिकॉन चिपशी स्फटिकाचा प्रत्येक पिक्सेल इंडियम धातूच्या सूक्ष्म थेंबाने एकेक जोडायचा. वर स्टर्लिंग पद्धतीचं शीतयंत्र, म्हणजे आत हलता दट्ट्या, घरघर, वजन, विजेचा खर्च. कॅमेरा चालू केला की गार होईपर्यंत काही मिनिटं हात चोळत बसायचं. दट्ट्या झिजला की काम ठप्प. जेम्स वेब दुर्बिणीवरच्या मध्य-अवरक्त उपकरणाला तर ७ केल्विनच्याही खाली ठेवावं लागतं. तिथे ते परवडतं, उसाच्या बांधावर नाही.

मग मित्राच्या हातातला कॅमेरा गार न करता कसा चालतो? तो दाणे मोजतच नाही. त्याची रीतच निराळी.

१८८० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल लँगली यांनी बोलोमीटर नावाचं उपकरण केलं. काळी केलेली धातूची बारीक पट्टी उष्णतेने तापते, तापली की तिचा विद्युतरोध बदलतो, तो मोजायचा. पाव मैलावरची गायसुद्धा त्याला जाणवते, असं त्या काळी सांगितलं जाई. याच कल्पनेचं इवलंसं रूप अमेरिकेत हनीवेल कंपनीने १९८० च्या दशकात लष्कराच्या पैशांवर घडवलं. १९९२ मध्ये गुप्ततेचा पडदा उठला आणि तेव्हापासून हे कॅमेरे बाजारात उतरले.

आजचा असा एक पिक्सेल बारा मायक्रोमीटर रुंद असतो. माणसाच्या केसाच्या जाडीत पाच-सहा सहज मावतील. व्हॅनेडियम ऑक्साइडचा किंवा अस्फटिक सिलिकॉनचा पातळ पापुद्रा, दोन बारीक पायांवर चिपच्या वर अधांतरी टांगलेला, भोवती निर्वात पोकळी. पापुद्रा आणि चिप यांतलं अंतर मुद्दाम सुमारे अडीच मायक्रोमीटर ठेवतात, म्हणजे दहा मायक्रोमीटरच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा. पापुद्र्यातून निसटलेला प्रकाश खालच्या आरशावर आपटून परत येतो आणि नेमका पापुद्र्यातच मुरतो. मला ही कारागिरी क्वांटमच्या साऱ्या चमत्कारांपेक्षा देखणी वाटते.

पापुद्रा एक अंशाने तापला की त्याचा रोध सुमारे दोन टक्क्यांनी बदलतो. पण समोरचं दृश्य एक अंशाने गरम झालं तरी पापुद्रा तापतो अंशाच्या काही हजाराव्या भागाने. एवढ्या नाजूक मोजणीत कॅमेऱ्याचं स्वतःचं अंगच हाताच्या उबेने तापत असतं. म्हणून ते 'टक्'. कॅमेरा भिंगामागे एक छोटी झडप आडवी घालतो आणि सगळ्या पिक्सेलांना एकच सपाट, एकसारखं तापमान दाखवतो. कोण किती बहकलाय ते टिपून घेतो, वजा करतो आणि झडप उघडतो. गार न केलेल्या डोळ्याला आपल्याच तापाचा हिशेब असा पुन्हा पुन्हा मांडावा लागतो.

बोलोमीटरची खरी अडचण पायांत आहे. पाय बारीक केले तर उष्णता पापुद्र्यात टिकते, संवेदना वाढते, पण पापुद्रा निवायलाही वेळ लागतो. पाय जाड केले तर उलट. सर्वसाधारण पिक्सेलला निवायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. पॅनेल तपासायला, बिबट्या शोधायला तेवढं पुरतं. वेगाने जाणारी वस्तू मात्र फरफटल्यासारखी दिसते. शिवाय मिथेन वायूची गळती पाहायची असेल, तर मिथेन ३.३ मायक्रोमीटरजवळचा प्रकाश गिळतो, आणि त्या अरुंद पट्ट्यात येणारा प्रकाश इतका थोडा की बोलोमीटर तिथे हात टेकतो. तेल आणि वायूच्या कारखान्यांत अशा कामासाठी अजून गारठवलेले कॅमेरे वापरतात.

म्हणजे एकीकडे स्वस्त पण संथ, दुसरीकडे तरबेज पण शीतयंत्र पाठीवर घेतलेला. मधल्या मोकळ्या जागेत नॅनोपदार्थ शिरू पाहताहेत.

सगळ्यात रंजक उमेदवार म्हणजे क्वांटम डॉट, अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे कण (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव्ह यांना मिळालं ते यांच्याचसाठी. पेटीची पाती पाहिली असतील, तर आखूड पातं म्हणजे चढा स्वर, हे माहीत असेल. इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो. त्याला काही नॅनोमीटरच्या कणात कोंडला, की कण जितका लहान, तितका स्वर चढा, म्हणजे कढईची कड तितकी उंच. एरवी कड ठरवायला मिश्रणाचं प्रमाण बदलावं लागतं. इथे पदार्थ तोच, नुसता कणाचा आकार बदलायचा.

अवरक्तासाठी पाऱ्याचं टेल्युराइड भलतंच सोयीचं निघालं. त्याच्या मोठ्या स्फटिकाला कडच नसते, तो जवळजवळ धातूसारखा वागतो. त्यामुळे कड असते ती सगळी आकाराने दिलेली. कण दहा नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पंधरा हजारांच्या घरात अणू, तर डोळा पाच मायक्रोमीटरपर्यंत पाहतो. कण आणखी मोठा केला की आणखी पुढचं. शिकागो विद्यापीठात फिलिप ग्युयो-सिओने यांच्या गटाने २०११ मध्ये अशा कणांचे मध्य-अवरक्त डिटेक्टर दाखवले, आणि तिथून या वाटेवर वर्दळ वाढली.

हे कण बनतात बाटलीत, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. पाऱ्याचा क्षार तेलकट द्रावकात विरघळवायचा, पाणी उकळतं तेवढ्या तापमानाच्या आसपास ठेवायचा, त्यात टेल्युरियमचं द्रावण झटकन ओतायचं. काही मिनिटांत शाईसारखा काळा द्रव तयार. प्रत्येक कणाभोवती लांब तेलकट शेपट्या असतात, ऑलिव्ह तेलातल्या ओलेइक आम्लाच्या भाऊबंदांच्या. त्यांच्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. पण याच शेपट्या वीज वाहू देत नाहीत. म्हणून थर पसरल्यावर लांब शेपट्या काढून आखूड बसवायच्या, म्हणजे कण जवळ येतात आणि इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. ही शाई सिलिकॉनच्या चिपवर थेट ओतून गरागरा फिरवली की डिटेक्टर चढला. इंडियमचे थेंब नकोत, स्फटिक जुळवायला नको. माझ्या मते क्वांटम डॉटची मोठी देणगी ही आहे, 'गार करायला नको' ही नव्हे. पैसा इथे वाचतो.

मग गार करण्याचं काय? इथे दुसरी युक्ती लागते. आपोआप उडणारे दाणे कमी हवे असतील तर कढईत दाणेच कमी टाका! डिटेक्टरचा थर पातळ केला की काळोखातला प्रवाह त्याच प्रमाणात उतरतो. पण पातळ थरातून प्रकाशही न मुरता निघून जातो. म्हणून थराच्या खाली-वर सोन्याचे ठिपके किंवा पट्ट्या मांडतात. तरंगलांबीच्या हिशेबाने बेतलेल्या या पट्ट्या अँटेनासारखा प्रकाश गोळा करून त्या पातळ थरातच कोंडतात. दाणे थोडे, टिचक्या तेवढ्याच. अशा युक्त्यांनी आणि २०० केल्विनच्या आसपासच्या गारव्याने बरंच साधतं. तेवढा गारवा द्यायला हलता दट्ट्या लागत नाही. पेल्टियर पद्धतीची, नखाएवढी, अनेक मजली चकती पुरते. वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम, न आवाज न झीज. बातम्यांत 'शीतकरणाविना' असं छापलेलं असतं, तेव्हा आत पुष्कळदा अशी चकती दडलेली असते. त्यात फसवणूक म्हणावी असं काही नाही. जड यंत्र गेलं, हेच मोठं आहे.

बातम्यांत दुसरी एक सरमिसळ नेहमी दिसते. शिशाच्या सल्फाइडचे क्वांटम डॉट बसवलेले कॅमेरे विकत मिळतात आणि त्यांना फार गार करावंही लागत नाही. पण ते साधारण दोन मायक्रोमीटरच्या आतलं पाहतात. त्यात अंगाची ऊब दिसत नाही. ते परावर्तित उजेडावर चालतात, धुरकटातून पाहायला किंवा सिलिकॉन चिपच्या आत डोकावायला कामी येतात. त्यांचं यश पाहून थर्मल कॅमेराही हातभर अंतरावर आलाय असं मानणं चूक. कड जसजशी बुटकी, तसतसा खेळ कठीण होत जातो.

ग्राफीनबद्दल, म्हणजे कार्बनच्या एकपदरी पापुद्र्याबद्दल, बराच गाजावाजा झाला. एक अणू जाड असल्याने ते फक्त २.३ टक्के प्रकाश टिपतं, तेव्हा एकट्याने त्याचं भागत नाही. बार्सिलोनाजवळच्या आयसीएफओ संस्थेने २०१७ मध्ये ग्राफीनवर शिशाच्या सल्फाइडचे कण पसरून ३८८ बाय २८८ पिक्सेलांचा कॅमेरा केला. पण तोही दोन मायक्रोमीटरपर्यंतचाच. काळा फॉस्फरस चार मायक्रोमीटरपर्यंत छान चालतो, पण दमट हवेत नासतो. पवईला, आयआयटी मुंबईत, इंडियम आर्सेनाइडचे क्वांटम डॉट वेगळ्या रीतीने, निर्वात कक्षात थरावर थर चढवून वाढवण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. ते बाटलीतल्या शाईसारखं स्वस्त नाही, पण स्फटिक घट्ट आणि शिस्तीचे.

बाटलीतल्या शाईच्या खोडी मात्र तिच्या स्वस्ताईतूनच येतात. कण इतके लहान की त्यांचे बरेचसे अणू पृष्ठभागावरच. तिथे एखादा अणू मोकळा राहिला की इलेक्ट्रॉन त्यात अडकतो आणि सिग्नल गळतो. उड्या मारत जाणारा इलेक्ट्रॉन सलग स्फटिकातल्यापेक्षा खूपच संथ. सगळे कण एकाच मापाचे हवेत, नाहीतर कडा वरखाली. वर पारा आणि शिसं, म्हणजे कारखान्यात आणि कचऱ्यात दोन्हीकडे नको असलेली मंडळी. म्हणून चांदीच्या सेलेनाइडवर आणि इंडियमच्या संयुगांवर प्रयोग चाललेत.

आणि एक अगदी घरगुती अडचण. गार करायच्या डिटेक्टरची चिप निर्वात डबीत बंद करतात, नाहीतर बाहेरची ऊब आत येते आणि गारव्यावर दव धरतं. डबी सील करण्याआधी ती बराच वेळ भट्टीत भाजावी लागते, आतल्या भिंतींना चिकटलेली वाफ निघून जावी म्हणून. नेहमीच्या स्फटिकांना याचं फारसं काही वाटत नाही. बाटलीत मोठ्या निगुतीने दहा नॅनोमीटरवर थांबवलेले कण मात्र, आखूड शेपट्यांमुळे एकमेकांच्या इतके जवळ आलेले असतात की त्या तापात न वितळताही एकमेकांत मिसळून जातात. दोन कणांचा एक मोठा कण होतो, कड खाली येते, ओटाभर दाणे. त्यामुळे पुढच्या वेळी 'नवा थर्मल डिटेक्टर, शीतयंत्राची गरज नाही' अशी बातमी वाचाल, तेव्हा तो किती मायक्रोमीटरपर्यंत पाहतो आणि किती केल्विनला ठेवून मोजला, हे तर शोधाच. पण भट्टीतून बाहेर आल्यावरही तो तेवढंच पाहतो का, हेही त्यात कुठे लिहिलंय का ते बघा.